घाटावरचं आभाळ

"जरा खाली. आणखी खाली. अगं आई गं! तितंच, तितंच ठेव!"

धुरपा खडीच्या ढिगाशेजारी पालथी पडली होती आणि माझी थोरली जाऊ साळूआक्का तिच्या कमरेवर डावा पाय ठेवून उभी होती. पाय ठेवायचा, हळू दाबायचा, टाच फिरवायची आणि एकदम उचलून घ्यायचा.

"येवढी वरडू नकोस," आक्का म्हणाली. "मुकादमाला वाटंल, बाई हितंच बाळंत झाली."

"वाटू दे. रजा तरी मिळंल."

बायका हसल्या. दुष्काळाचं साल होतं. वैशाख संपत आला होता आणि गावाबाहेरच्या बोडक्या माळावर आम्ही बाया सरकारी कामावर खडी फोडत होतो. पुरुष लांब, तलावाच्या मातीकामावर होते. दिवसभर उकिडवं बसून हातोडी चालवायची, त्यामुळं कमरा धरायच्या. दुपारी भाकरी खाऊन झाली की आक्कापुढं रांग लागायची. ती पायाळू होती. पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याच्या आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं घाटावर मानतात. माझ्या माहेरी कोकणातही मानतात.

धुरपा उठून बसली, कंबर इकडं तिकडं हलवून बघितली आणि म्हणाली, "साळे, तुझ्या पायाला सोन्याचं तोडं घालायला पायजेत."

"घाल की. सध्या चांदीचं जोडवं बी मोडून खाल्लंय आमी."

मी बाजूला बसून नंदाला पाजत होते. नंदा माझी पहिली मुलगी, अजून रांगायलाही लागली नव्हती. मी त्या गावात नवीनच. आमच्या कोकणातल्या गावात पहिल्यांदा डांबरी रस्ता आला तेव्हा आमचे हे रस्त्याच्या रोलरवर होते. रस्ता पुरा झाला आणि त्याच रस्त्यानं लग्न करून मी घाटावर आले. माझं नाव शेवंती, पण गावात मला कुणी त्या नावानं हाक मारली नाही.

"कोकणे," धुरपानं विचारलं, "तुझ्या म्हायेरी आत्ता पाऊस पडत असंल, न्हाई?"

"अजून नाही. मिरगाला येईल."

"येईल? असा सांगून येतोय?"

"सांगूनच येतो. आणि आला की चार महिने हलत नाही."

"म्हंजी घरजावई!" धुरपा म्हणाली. "आमचा बाई पाव्हणा. आला तर आला. च्या पिऊन गेला तर पुन्यांदा तोंड न्हाई दावत."

"या साली तर च्यालाबी न्हाई आला," कुणीतरी म्हणालं.

"गरजतो का गं तुमचा?" आक्कानं मला विचारलं.

"मधे नाही गरजत. नुसता पडतो, रात्रंदिवस. येताना थोडा गरजतो आणि जाताना खूप. भातं कापायला आली की संध्याकाळी डोंगराकडून आभाळ काळं होऊन येतं. मग विजा. आम्ही म्हणतो, जाताना भांडून चालला."

"मग मान्सं मरत्यात?"

मी आठवून बघितलं. "नाही. मी तर कधी ऐकलं नाही."

"मग ती कसली ईज!" धुरपा म्हणाली. "आमच्यात दर साली न्हेती एकाला. माझ्या चुलत दिराचा बैल आन् गडी, दोगंबी एका टायमाला गेलं. नांगर उभाच ऱ्हायला वावरात."

बोलता बोलता तिची नजर आक्काकडं गेली. बाकीच्यांचीही गेली.

"माझ्याकडं काय बगताय?" आक्का म्हणाली. "मी त्या दिशी बाजाराला गेल्ते. बैलाला इचारा."

पुन्हा सगळ्या हसल्या, पण या वेळी थोडं कमी. कारण पायाळू माणसाबद्दल घाटावर आणखीही एक गोष्ट मानतात. वीज त्या माणसाला शोधत येते. म्हणून आभाळ गरजायला लागलं की आक्का आपल्या आपण उठून घरामागच्या शेळ्यांच्या खोपटात जाऊन बसायची. तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. लग्न होऊन मी आले त्या पहिल्याच पावसात मी सासूबाईंना विचारलं होतं, आक्का कुठं आहेत? सासूबाई म्हणाल्या, "ती हाय तिच्या जागंवर."

मी आपली पावलं लुगड्याखाली ओढून घेतली होती. कारण मीसुद्धा पायाळू.

आमच्या गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला घरामागच्या परड्यात नेऊन सांगितलं होतं, "घाटावर कोणाक सांगा नको गो. थयली माणसां इजेक घाबारतत." मी सांगितलं नाही. फक्त एकीला कळलं होतं. पाण्याची घागर उचलताना एकदा आक्काचीच कंबर धरली. सगळ्या गावाची उसण काढणारी स्वतःची कशी काढणार? ती दोन दिवस भिंत धरून चालत होती. मला बघवेना. घरात कुणी नाही असं बघून मी चुलीपाशी दार लावलं आणि म्हणाले, "आक्का, पालथ्या पडा."

पाय उचलल्यावर ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मग मान वळवून म्हणाली, "तुझा पाय माझ्यापरास गरम हाय गं."

"कुणाला सांगू नका."

"कशाला सांगू? माझी सगळी गिऱ्हाइकं पळवशील."

आणि तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी दुपारनंतर वारा पडला. हातोड्यांचा आवाज जवळ आल्यासारखा वाटू लागला. मग माळाच्या कडेला तांबडी भिंत उभी राहिली. मला आधी ते आभाळ वाटलंच नाही, कुठंतरी मोठी आग लागली असं वाटलं. ती भिंत सरकत सरकत आली आणि तिच्या मागं काळंभोर.

"वळीव!" धुरपा किंचाळली. "आगं वळीव आला!"

बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी हात जोडले. एका म्हातारीनं पदर पसरला. वर्षभर ज्याची वाट बघितली ते समोरून येत होतं. पण आधी आली माती. तोंडात, नाकात, डोळ्यांत माती. मग एवढाले चार थेंब, आणि लगेच डोक्यावरच आवाज झाला. आमच्याकडं गडगडाट लांबून येतो. डोंगरावर लोळतो, मग खाली उतरतो, माणसाला घरात जायला वेळ देतो. हा सरळ टाळूवर फुटला. त्या माळावर आभाळ आणि माणूस यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

आडोसा एकच. हत्यारं ठेवायची पत्र्याची शेड. आमची लेकरं दुपारी तिथंच झोळ्यांत असायची. सगळ्या पळत तिथं घुसलो. आत उभं राहायलाही जागा नव्हती. लेकरं रडत होती. शेडला दार नव्हतंच, नुसती मोकळी चौकट होती. मी नंदाला छातीशी धरून चौकटीजवळच अडकले होते. आक्का माझ्या पलीकडं, धुरपाच्या एका पोराला कडेवर घेऊन.

पुन्हा एकदा पांढरं झालं आणि पत्रे थरथरले.

"साळे," धुरपा म्हणाली. हळू म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू आलं. "साळे, तू भाईर हो."

"काय?"

"लेकरं हायती आत."

आक्काला आधी ती चेष्टा वाटली असावी. ती म्हणाली, "आगं, आत्ताच तुझ्या कमरंवर पाय दिला मी."

"तवा आभाळ मोकळं हुतं."

"घरी असते तर मी आपली खोपटात गेले असते, धुरपे. हितं कुटं जाऊ? गारा यायला लागल्यात."

"कुटंबी जा. पर हितं नको." धुरपानं आपलं पोर तिच्या कडेवरून ओढून घेतलं. "सगळ्यांची लेकरं हायती, साळे. एकीपायी सगळी जातील. तुला पोटचं असतं म्हंजी तुलाबी कळलं असतं."

आक्काला मूल नव्हतं. बाकीच्या कुणी काही बोलल्या नाहीत. जा असंही म्हणाल्या नाहीत, राहू दे असंही नाही. सगळ्या नुसत्या थोड्या थोड्या बाजूला सरकल्या आणि त्या गर्दीत, जिथं बोट शिरायला जागा नव्हती, तिथं आक्कासाठी वाट झाली.

आक्कानं सगळ्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

मला वाटलं, आता ती बोलणार. एवढंच म्हणायचं होतं तिला, की मी एकटीच का, हीसुद्धा तशीच. नंदा माझ्या छातीशी चिकटली होती. मी बाहेर गेले असते तर तिलाही न्यावं लागलं असतं, नाहीतर कुणाच्या तरी हातात द्यावं लागलं असतं. हे सगळं मी त्या क्षणी मनात मांडलं. आणि मान खाली घातली.

"पोरीच्या डोक्यावर पदर घे," आक्का मला म्हणाली. "गारंचा मार लई वंगाळ."

आणि ती बाहेर गेली.

कुठं जायचं ते तिला ठाऊक होतं. समोरच दगड काढून काढून झालेला खड्डा होता. फार खोल नाही, कमरेएवढा. ती त्यात उतरली, उकिडवी बसली, दोन्ही हात कानांवर धरले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. गारा ताशासारख्या पत्र्यावर वाजायला लागल्या. खड्ड्याच्या काठावर पांढरा थर साचू लागला. मधूनच ती डोकं वर करून शेडकडं बघायची. मी चौकटीतच होते. तिच्या आणि माझ्यामध्ये नुसता पाऊस होता.

एकदा बघितलं. पुन्हा बघितलं.

मी ओरडले, "आक्का! लिंबाखाली जा! लिंबाखाली!"

त्या माळावर एकच झाड उरलेलं होतं. शेडच्या मागच्या अंगाला एक कडुलिंब. तिला ऐकू गेलं नाही. मी हात लांब करून दाखवला. ती उभी राहिली. तिनं लिंबाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पुन्हा हात हलवला, जा, जा म्हणून. ती खड्ड्यातून वर आली, डोक्यावर पदर धरून वाकून पळत शेडच्या कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. चौकटीतून लिंब दिसत नव्हता.

मग जे झालं त्याला मी आवाज म्हणू शकत नाही. सगळं पांढरं झालं. माझ्या दातांतून काहीतरी गेलं. लेकरं एकदम रडायची थांबली. थोड्या वेळानं कसलातरी जळका, गंधकासारखा वास आला.

"बगा," कुणीतरी मागं म्हणालं. "तिच्याच मागं आली."

"लेकरं वाचली गं बाई. लेकरं वाचली."

सगळ्यांत आधी बाहेर धावली ती धुरपाच. मी नंदाला कुणाकडं दिलं ते आठवत नाही. लिंबाची साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली होती. आक्का बुंध्यापासून थोडी लांब फेकली गेली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, लुगडं जागोजाग करपलेलं. धुरपानं तिच्या छातीला कान लावला आणि ओरडली, "हाय! जित्ती हाय!" आणि मग रडत रडत तिनंच तिला पाठीवर घेतलं. पाऊस कोसळत होता. खडी न्यायला आलेला ट्रक खालच्या रस्त्यावर उभा होता, तिथपर्यंत धुरपा तिला पाठीवर घेऊन चिखलातून पळाली. मी मागून आक्काचे पाय धरून धावत होते. डावा पाय माझ्या हातात लाकडासारखा होता.

त्या रात्री गावाच्या ओढ्याला पाणी आलं. माणसं कंदील घेऊन ते बघायला गेली.

आक्का वाचली. पण डावा पाय गुडघ्याखाली मेला तो मेलाच, आणि डाव्या कानानं ऐकू येईनासं झालं. मरेपर्यंत ती काठी घेऊन चालली. तिच्याकडं कमरा घेऊन येणाऱ्या बायका बंद झाल्या. इजंनं पायातलं सगळं काढून न्हेलं, असं म्हणायच्या.

आणि गावाचं ठरलं ते ठरलंच. पायाळू होती, म्हणून वीज तिला शोधत आली. माळावर, पाणवठ्यावर, बाजारात हीच गोष्ट. आपल्या पोरीबाळींना सांगताना लोक आक्काचं नाव घ्यायचे. मला रोज वाटायचं, त्यांना सांगावं की बायांनो, त्या शेडमध्ये आणखी एक पायाळू होती. तुमच्या लेकरांच्या मधोमध उभी होती. तिच्यावर काही पडलं नाही, तुमच्या एकाही लेकराचा केस वाकडा झाला नाही. जे माहीत होतं ते मला एकटीलाच माहीत होतं. ते सांगायचं तर मी कोण ते सांगावं लागलं असतं. मी पाणी भरून घरी यायचे.

आक्कालाही माहीत होतं. पण ती बोलली नाही. कुणी विचारलं, "झाडाखाली कशाला गं गेलीस?" तर म्हणायची, "गारा लागत हुत्या." कधी माझं नाव नाही. माझी आणखी दोन बाळंतपणं तिनं केली, पोरांना न्हाऊ घातलं. एका ताटात जेवलो आम्ही. तिच्या त्या पायाला तेल मी लावायचे. पायाला कळत नसे तेल लावलेलं. ती म्हणायची, "वाया घालवतीस गं तेल."

अशी वीसेक वर्षं गेली.

मग गावात मोठ्या माणसांचे अक्षरवर्ग निघाले. नंदाचं लग्न होऊन गेलं होतं. मी जायला लागले. पाटीवरचा 'श' मला कधी जमला नाही, आणि माझ्या नावात तोच पहिला. पण वाचता यायला लागलं. मग मी दिसेल ते वाचायचे. बसची पाटी, साबणाचा कागद, दुकानावरचं नाव. आक्का बाजूनं चालत असायची आणि विचारायची, "आता ह्ये काय लिवलंय?" मला फार बरं वाटायचं तिला वाचून दाखवताना.

एकदा आम्ही चावडीवरून येत होतो. तिथल्या भिंतीवर नवीन रंगानं मोठ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. शेजारी झाडाचं चित्र.

"आन् ह्ये?" आक्कानं काठीनं दाखवलं.

मी एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचायला लागले. "विजा... चमकत... असताना... झाडाखाली..."

मी थांबले.

"फुडं?"

"थांबू नये."

तिनं चांगला कान माझ्याकडं केला होता. ऐकलं. थोडा वेळ चित्राकडं बघत उभी राहिली. मग चालायला लागली. घराच्या वळणावर आल्यावर, माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेडमंदी तू गप ऱ्हायलीस त्येचं मला काय न्हाई. पोर हुती पदराला. मीबी ऱ्हायले असते गप." काठी दोनदा आपटली. "पर मी खड्ड्यात बसले हुते की गं. मला झाड का दावलंस?"

वीस वर्षं तिच्या पोटात तो प्रश्न होता. तिला काय वाटत असेल ते मला तेव्हा कळलं. माझं गुपित माहीत असलेली ती एकटीच होती. आणि मी तिला खड्ड्यातून उठवून झाडाखाली पाठवलं होतं.

"आक्का, देवाशप्पथ," मी म्हणाले. "आमच्याकडं वीज माडावर पडते. नारळाच्या झाडावर. माड घरापेक्षा उंच, तो अंगावर घेतो, खालच्या माणसांना काही होत नाही. आमच्या गावात प्रत्येक घरामागं असा एकेक जळका माड असतो. मी लहानपणापासून तेच बघितलं होतं. मला वाटलं, झाड वाचवतं."

"झाड वाचवतं?"

"हो."

"ईज पडून?"

"हो, आक्का."

तिनं आयुष्यात माडाचं झाड बघितलं नव्हतं. नारळ बघितला होता, तो देवापुढं. तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, "दाव मला."

नवरात्र उठल्यावर आम्ही दोघी एसटीनं निघालो. घाट उतरताना आक्का खिडकीला तोंड लावून बसली होती. खाली उतरल्यावर म्हणाली, "आगं, हिरवं हिरवं, डोळ्याला टोचतंया. ह्येंच्यात दुष्काळ पडला तर वळखायचा कसा?" बसमधल्या बाया हसल्या. मलाही हसू आलं. मला आत कुठंतरी हलकं वाटत होतं. आता ती बघेल, म्हणजे संपेल, असं.

माझा भाऊ भिकाजी दारातच उभा होता. चहा झाला. मी आक्काला लगेच मागच्या परड्यात घेऊन गेले. एक जळका माड तिथं होताच. शेंडा नाही, नुसता काळा खांब आभाळात गेलेला. आजूबाजूचे माड वाऱ्यानं झुलत होते, तो एकटा ताठ.

"बघा," मी म्हणाले.

भिकाजी मागून आला. "दोन वर्सां झाली," तो म्हणाला. "इज पडली, शेंडो करपून गेलो. घराक कायेक झाला नाय."

मी आक्काला सांगितलं, दोन वर्षांपूर्वी वीज पडली, माडानं घेतली, घराला काही झालं नाही. आक्का काठी टेकत जवळ गेली. तिनं बुंध्यावर हात ठेवला. काळं तिच्या बोटांना लागलं. मान वर करून टोकापर्यंत बघितलं, गुळण्या करताना करतात तशी मान मागं टाकून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, झालं.

तिनं मागं वळून विचारलं, "आन् दादा, तवा ह्येच्या बुडाला कोन उभं हुतं?"

भिकाजीला तिची बोली समजली नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. डोंगराकडून आभाळ भरून यायला लागलं होतं आणि लांब कुठंतरी गडगडलं.

मी म्हणाले, "ही विचारता, इज पडली तेव्हा माडाखाली कोण होतो?"

भिकाजी हसायलाच लागला. "माडाखाली? इज लवता तेव्हा माडाखाली कोण रवतलो? पिशी की काय ही? आमी सगळी घरात, दारां लावन."

तो म्हणाला ते खरं होतं. मी कितीतरी पावसाळे त्या घरात काढले होते. विजा व्हायला लागल्या की आई आम्हाला हाताला धरून आत ओढायची. परड्यात कुणी पाऊल टाकत नसे. हे मला माहीत होतं. त्या दिवशी, चौकटीत उभी असतानाही माहीत होतं. वीस वर्षं मी स्वतःला माडाची गोष्ट सांगत होते आणि त्या गोष्टीत माडाखाली कुणी उभं नव्हतं.

भिकाजी वाळत घातलेली सुपारी उचलायला अंगणाकडं धावला.

"काय म्हनला?" आक्कानं विचारलं. तिला त्याचं बोलणं कळलं नव्हतं. ती चांगला कान माझ्याकडं करून वाकली.

तिला काहीही सांगता आलं असतं. बरीच माणसं होती म्हणाला, असं सांगितलं असतं तर ती परत गेली असती आणि पुन्हा कधी विचारलं नसतं.

"म्हणाला, कुणी नव्हतं," मी म्हणाले. "माडाखाली कुणी उभं राहत नाही. सगळी घरात बसतात."

आक्कानं मान हलवली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. बोटांचं काळं लुगड्याला पुसलं.

"मी बगत हुते तुझ्याकडं," ती म्हणाली. "त्ये तुला बगवंना. व्हय न्हवं?"

"हो, आक्का."

आभाळ पुन्हा गडगडलं, आता जरा जवळ. ती काठी सावरून घराकडं वळली.

"येवढंच हुतं, तर तितंच सांगायचं की गं. येवढ्या लांब कशाला आणलंस?"